काळी काच आणि रिक्षाचा भोंगा

करमाडच्या अलीकडं, जालना रोडला लागून वीटभट्ट्या होत्या. तिथं माझे वडील जाळ सांभाळायचे आणि आई कच्च्या विटा वाहायची. दिवाळीनंतर भट्टी सुरू व्हायची, पावसाच्या तोंडावर बंद पडायची. मधल्या महिन्यांत शेतात मिळेल ते काम, आणि नाही मिळालं तर कण्या. पाचवीपर्यंत माझ्या पायात चप्पल नव्हती. आमच्या वस्तीत त्याचं कुणाला नवल नव्हतं. मी रोज शाळेत जाते, याचं होतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. भट्टी पिकली की नाही हे ते हातानं सांगत. भट्टीच्या भिंतीपुढं वीतभर अंतरावर तळहाताची मागची बाजू धरायची, डोळे मिटायचे, तसंच दोन पावलं सरकायचं. "अजून कच्ची हाय. उद्या दुपारी निघंल." आणि ती उद्या दुपारीच निघायची. मी एकदा विचारलं, "हाताला कसं कळतं दादा?" ते म्हणाले, "भाजून भाजून शिकला त्यो. तू पुस्तकानं शीक, कमी भाजतं."

मी नववीत असताना विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जी आग लागली ती आमच्या वस्तीपर्यंत आली. आमचं घर कुडाचं होतं, पेटायला वेळ लागला नाही. त्यात आईची दोन लुगडी गेली, आठवड्याचं दळण गेलं आणि माझी नववीची सगळी पुस्तकं गेली. कुणी लावली ते आम्हाला माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दादांनी राखेवर हात धरला, नेहमीसारखा. म्हणाले, "निवलं. चला." आणि आम्ही शहरात आलो ते कायमचेच.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं मी ज्या कामात आयुष्य घालवलं ते न दिसणाऱ्या उष्णतेचं होतं, आणि त्याचा पहिला धडा मला दादांच्या हातानं दिला होता. दुसरं म्हणजे मी आमच्या सात पिढ्यांत कॉलेजात गेलेली पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्या अभिमानानं माझ्याकडून एक चूक करवून घेतली. ती मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती, या अंकाच्या निमित्तानं सांगते.

एम.एस्सी.ला मी फिजिक्स घेतलं. दिवसा प्रयोगशाळा, संध्याकाळी मोर्चा, असे ते दिवस होते. प्रबंधासाठी सरांनी सेलेनियमच्या काचेचा विषय दिला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. सेलेनियम तापवलं की कुजलेल्या मुळ्यासारखा वास सुटतो. तो कपड्यांत, केसांत आणि श्वासात दोन-दोन दिवस राहतो. बसमध्ये शेजारची बाई पदर नाकाला लावून दुसऱ्या बाकावर गेली की मला आधी वाटायचं, हिला माझी जात कळली. मग लक्षात यायचं, नाही, आज सेलेनियम आहे. दोन्हींतला फरक ओळखायला मी पुढं चांगली शिकले.

पास झाल्यावर वाळूजला नोकरी लागली. वाळूज तेव्हा नुकतं भरत होतं. मोटारसायकलींचे आणि सुट्या भागांचे मोठे कारखाने, शिफ्टच्या बसगाड्या, रस्त्याच्या कडेला चहाच्या टपऱ्या. या सगळ्याच्या मागच्या रांगेत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी होती. मालक देवधरसाहेब, इंजिनिअर माणूस. ते लांबून उष्णता मोजायची यंत्रं बनवायचे. तापलेल्या लोखंडाला थर्मामीटर लावता येत नाही, ते वितळून जाईल. पण तापलेली वस्तू उष्णतेचे किरण बाहेर टाकते. ते भिंगानं गोळा करून मोजले की तापमान कळतं. अडचण भिंगाची. आपली खिडकीची काच उजेड आत सोडते, पण हे किरण बऱ्याच अंशी अडवते. त्यासाठी वेगळी काच लागते. ती तेव्हा परदेशातून यायची आणि सहा-सहा महिने यायचीच नाही. देवधरसाहेबांनी ठरवलं की ती इथंच करायची. मला घेतलं ते त्यासाठी.

ही काच वाळूपासून होत नाही. तिच्यात जर्मेनियम, आर्सेनिक म्हणजे आपला सोमल, आणि सेलेनियम असतं. जुन्या पोथ्यांवर चूक झाकायला पिवळा हरताळ फासायचे, तो सोमल आणि गंधकाचा असतो. आमची काच त्याच घराण्यातली. फरक इतकाच की ती दिसायला काळीकुट्ट. डोळ्यापुढं धरली तर सूर्यसुद्धा दिसत नाही. पण उष्णतेचे किरण तिच्यातून असे जातात की जणू मध्ये काही नाहीच.

हे गिऱ्हाइकाला पटवणं हे आमचं अर्धं काम. जालन्याच्या एका रोलिंग मिलचे मालक यंत्र घेऊन गेले आणि पंधरा दिवसांत परत आले. टेबलावर ते आपटून म्हणाले, "बाई, आंधळी काच देता व्हय आम्हाला? लई घासली, तरी दिसंना."

"घासली? कशानं?"

"आधी राखेनं घासली. मंग पॉलिश पेपर मारला. आतून काळीच निघाली की."

मी त्यांच्यासमोर दुसरं यंत्र ठेवलं आणि भिंगापुढं चहाची किटली धरली. काटा हलला. किटली बाजूला घेतली, काटा खाली आला. मालकांनी स्वतः दोनदा करून पाहिलं, मग किटलीच्या जागी स्वतःचं तोंड धरलं. काटा थोडा हलला. म्हणाले, "म्हंजे मी बी गरम हाय म्हणायचं." मी म्हटलं, "आल्यापासून." ते हसले आणि नवं भिंग घेऊन गेले. जाताना बजावलं, "घासायचं नाय ना आता?"

आता काच कशी करतात ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिथं अडलेली आहे. क्वार्ट्झची, म्हणजे खूप उष्णता सोसणाऱ्या काचेची, हातभर लांबीची नळी घ्यायची, एका टोकाला बंद असलेली. तिच्यात तिन्ही पदार्थ मोजून घालायचे. पंप लावून आतली हवा काढायची आणि ज्योतीनं नळीचं तोंड वितळवून बंद करायचं. हवेतला ऑक्सिजन किंवा पाण्याचा अंश आत राहिला तर तो काचेत मिसळतो आणि नेमके हवे ते किरण खाऊन टाकतो. मग ही बंद नळी भट्टीत घालून हळूहळू तापवायची. घाई केली तर आतली वाफ नळी फोडते. आमची पहिली नळी फुटली तेव्हा भट्टीचं झाकण पत्र्याला भोक पाडून गेलं होतं. ते भोक आम्ही कधी बुजवलं नाही, नवीन माणसाला दाखवायला उपयोगी पडायचं. तापल्यावर भट्टी दिवसभर डावी-उजवी झुलवत ठेवायची, म्हणजे आतला रस एकजीव होतो. आम्ही तिला पाळणाच म्हणायचो. शेवटी ठरल्या वेळी नळी बाहेर काढून झटकन निववायची. उशीर झाला तर काचेत दाणे धरतात.

नळीवर ज्योत चालवायचं काम रशीदचाचांचं. शहागंजकडं राहणारे, साठीला आलेले. तीस वर्षं त्यांनी शहरातल्या कॉलेजांना काचेची उपकरणं वितळवून, जोडून, वळवून दिली होती. शाळा उर्दूची, तीही चौथीपर्यंत. मला आधी 'म्याडम' म्हणायचे, मग आठवड्यातच 'बेटी' झाले. ज्योत बारीक करायच्या आधी कानाजवळचा चष्म्याचा दोरा घट्ट करायचे आणि 'बिस्मिल्ला' म्हणायचे. त्यांची जोडलेली नळी कधी गळली नाही.

चाचांची रीत अशी होती की आधी रिकाम्या नळीचा गळा पेन्सिलीएवढा बारीक ओढून ठेवायचा, मग त्यातून माल भरायचा, म्हणजे शेवटी बंद करायला सोपं. मला हे गैरसोयीचं वाटलं. बारीक गळ्यातून माल घालायला तो कुटावा लागे, त्याची भुकटी गळ्याला चिकटे, आणि सोमलाची भुकटी ही काही उडवायची वस्तू नव्हे. मी क्रम बदलला. आधी उघड्या नळीत मोठे खडे भरायचे, मग गळा ओढायचा.

चाचा म्हणाले, "बेटी, ये उलटा काम है. माल अंदर रहते वक्त फूंकना पडता."

काच मऊ झाली की आत बसू लागते. ती बसू नये म्हणून कारागीर नळीच्या उघड्या टोकाला रबरी नळी लावून तोंडानं हलकी फुंक देत राहतो. शेकडो वर्षांची रीत आहे ती. मी म्हटलं, "फुंका ना मग. नंतर पंप लावतोच की आपण चार तास. सगळी हवा निघून जाते."

"मुंह की हवा है, माँ."

"चाचा, हवा हवाच असते. मी हे शिकलेय."

त्यांनी चष्म्याचा दोरा घट्ट केला आणि मी सांगितलं तसं करू लागले.

रोलिंग मिलच्या भिंगांना त्यानं काही बिघडलं नाही. लालभडक लोखंडाचे किरण इतके जोरदार असतात की काचेनं थोडे खाल्ले तरी यंत्राला पुरतात. माझी पद्धत बरोबर, असं मीच स्वतःला सांगितलं, आणि ती चार वर्षं चालली.

मग रेल्वेचं काम आलं. गाडीच्या चाकाचं बेअरिंग बिघडलं की आसाचा डबा, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या टोकाची बेअरिंगची पेटी, तापतो आणि ते वेळेवर कळलं नाही तर आस मोडून गाडी घसरते. त्यासाठी रुळाच्या कडेला यंत्र बसवायचं, धावत्या गाडीचा प्रत्येक आस त्यानं तपासायचा. पण हा डबा लाल होत नाही. उकळत्या पाण्याच्या भांड्याएवढा तापतो, फार तर थोडा जास्त. त्याचे किरण अशक्त आणि वेगळ्या लांबीचे. त्यांना काच अगदी निर्मळ लागते. देवधरसाहेबांनी आम्हाला शेडमध्ये उभं करून सांगितलं, "वर्षभरात नमुना पास झाला तर काचेचा विभाग राहील. नाही तर मी परदेशी भिंगं आणून यंत्रं जोडीन. मला दुसरा मार्ग नाही." काचेचा विभाग म्हणजे मी, चाचा आणि दोन कामगार.

पहिले नमुने मी विद्यापीठातल्या यंत्रावर तपासले. काचेतून किती किरण गेले याची रेघ ते कागदावर काढतं. पेन सरळ जायला हवं, तिथं ते खड्ड्यात पडायचं. पाणी आणि ऑक्सिजन. पुढच्या नळ्याही तशाच. मग फेब्रुवारी-मार्चात अचानक पाच नळ्या चांगल्या निघाल्या. आम्ही पेढे वाटले. एप्रिलपासून पुन्हा खड्डे. पावसाळ्यात देवधरसाहेबांनी दमट हवेला दोष दिला, शेडला प्लास्टिकचे पडदे लावले. खड्डे तसेच. दिवाळी जवळ आली तसे ते चिडचिडे झाले. एक दिवस मला म्हणाले, "खरात बाई, माल शुद्ध आहे, पंप नवा आहे. मग उरतं काय? म्हाताऱ्याचा हात थरथरतो. सील गळत असणार. तुम्ही तसं लिहून द्या."

मी चाचांचा हात पाहिला होता. तो थरथरायचा चहाच्या कपावर, ज्योतीवर कधी नाही. हे मला माहीत होतं. पण सील नाही तर मग काय, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि दोष माझ्या रीतीत असेल हे माझ्या मनाला शिवलंही नाही. नळ्यांच्या रजिस्टरमध्ये नापास होण्याच्या कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: 'सीलिंग सदोष. कारागिराचे वय.' खाली सही केली, नावापुढं एम.एस्सी. लिहिलं.

चाचांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. जाताना त्यांनी त्यांचा चिमटा आणि काच वळवायची कोळशाची कांडी रुमालात बांधली. मला म्हणाले, "गले का काम ध्यान से करवाना."

त्यांच्या जागी पुण्याहून एक तरबेज कारागीर आणला. त्याच्या चारही नळ्या नापास झाल्या. खड्डा त्याच जागी, तेवढाच खोल.

म्हणजे दोष कारागिराचा नव्हता. मग मी रजिस्टर घरी पुंडलिकनगरला आणलं आणि रविवारी दिवसभर घेऊन बसले. पास झालेल्या नळ्या फक्त त्या पाच. कोरड्या हवेतल्या म्हणाव्यात, तर एप्रिल-मे त्याहून कोरडा, तेव्हाच्या नापास. माल तोच, पंप तोच, भट्टी तीच. दादा शेजारी बसून शेंगा फोडत होते. म्हणाले, "त्या पाच दिसांत येगळं काय केलं, त्ये बघ. नापासात काय बघती सारखी?"

मी त्या पाच नळ्यांचीच पानं पुन्हा वाचली. प्रत्येक पानाच्या कडेला माझ्याच अक्षरात एक बारीक नोंद होती: 'चाचा पाचला गेले, रोजा.' रमजानचा महिना होता तो.

रोजात चाचा काय वेगळं करायचे? मला एकदम तो भोंगा आठवला. रिक्षाला असतो ना, पितळी कर्णा आणि मागं काळा रबरी फुगा. रमजान लागला की चाचा असा एक फुगा घेऊन यायचे आणि फुंकायच्या नळीला तो लावायचे. आम्ही हसायचो, तर म्हणायचे, "रोजे में नली मुंह में लिया तो सोमल की बास हलक में जाती. रोजा मकरूह होता." मकरूह, म्हणजे रोज्याला बट्टा लागतो. म्हणजे त्या महिन्यात ते तोंडानं फुंकत नव्हते. फुगा दाबत होते.

आणि बाकी अकरा महिने नळीत भरलेल्या मालावर आम्ही माणसाचा श्वास सोडत होतो. आरशावर फुंकर मारली की धुकं बसतं, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. ते पाणी खड्यांना असं चिकटून बसतं की पंप चार तास लावला तरी सगळं निघत नाही. मुंह की हवा है माँ, असं चौथी शिकलेल्या माणसानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्यांना सांगितलं होतं की हवा हवाच असते.

दादांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मंग बसली काय? जा की त्यांच्या घरी."

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. मला पाहून त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "चाय रखो, कंपनी की म्याडम आई." बेटी नाही, म्याडम. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, भोंग्यासकट. चहा आला, निवला.

"तो गलती किसकी निकली?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"हौ." त्यांनी मान हलवली, जशी एखादी नळी तपासून बाजूला ठेवावी. "मैं बोला था, मगर जोर से नहीं बोला. तुम पढे-लिखे लोगां के सामने हमारी जबान छोटी हो जाती."

"चाचा, परत या. मी तुम्हाला लिहून देते, साहेबांनाही देते."

"मेरेकू अलग कागज नक्को. वो किताब में मेरे नाम पे जो लिखी ना, उसके नीचे लिख. जिस कलम से लिखी, उसी से."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवधरसाहेबांच्या टेबलावर रजिस्टर उघडलं आणि त्यांच्यासमोर आधीच्या नोंदीखाली लिहिलं: 'वरील कारण चूक आहे. सीलिंग निर्दोष होते. माल भरल्यावर गळा ओढण्याची पद्धत मी सुरू केली, श्वासातील पाणी त्यामुळे आत गेले. चूक माझी.' सही केली. साहेबांनी रजिस्टर स्वतःकडं वळवून ते पान वाचलं. म्हणाले, "हे रजिस्टर रेल्वेचा माणूस बघतो, बाई. तुमच्या नोकरीचं काय?"

"नमुना पास झाला तर ती राहील. नाही झाला तर तशीही जाणार आहे."

चाचा परत आले. आम्ही त्यांची जुनी रीत पुन्हा लावली: गळा आधी, माल नंतर, म्हणजे फुंक रिकाम्या नळीत पडते आणि ती तापवून कोरडी करता येते. भुकटी चिकटू नये म्हणून चाचांनी गळ्यातून पार आत जाणारं लांब दांडीचं नरसाळं बनवलं. ते मला चार वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं, किंवा निदान त्यांना विचारायला हवं होतं. रेल्वेचा तपासनीस जानेवारीच्या शेवटी येणार होता. हातात एका नळीचा वेळ होता. ती पाळण्यात घातली आणि नळी काढायचा दिवस आला नेमका संक्रांतीचा.

नामांतराचा निर्णय आज-उद्या होणार म्हणून शहर आधीच तंग होतं. बस बंद. चौकाचौकांत पोलीस. नळी अकराच्या आत निघाली नाही तर दाणे धरणार, आणि मी पुंडलिकनगरात अडकलेली. साडेआठला दारात मोपेड फटफटली. चाचा होते. दादा बाहेर आले, दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना नीट पाहून घेतलं.

"पोरीला नीट न्या," दादा म्हणाले.

"नली से ज्यादा संभाल के ले जाता," चाचा म्हणाले.

दोन ठिकाणी पोलिसांनी थांबवलं. एकानं विचारलं, "चाचा, ही कोण?" चाचा म्हणाले, "मेरी साहेब." आम्ही पावणेअकराला पोचलो. वॉचमननं पाळणा झुलता ठेवला होता. आम्ही हातमोजे चढवले, मी झाकण उघडलं, चाचांनी चिमट्यात नळीचं एक टोक धरलं, दुसऱ्या चिमट्यात मी दुसरं, आणि तेवढ्यात शेजारच्या कारखान्यातून पत्रे बडवल्याचा आवाज सुरू झाला. कुणीतरी आमच्या शेडच्या दारातून ओरडून गेलं, "झालं, झालं, नाव लागलं." मी नववीपासून ज्याची वाट पाहत होते ते झालं होतं आणि माझे दोन्ही हात भट्टीत होते.

"मुबारक हो, बेटी," चाचा म्हणाले. नजर नळीवरच. "अब ध्यान दे. सीधी पकड."

मी सरळ पकडली. नळी बाहेर आली, निवली. आत काळी काच, भेग नाही, दाणा नाही. मग मी पायरीवर बसून रडले, ते कशासाठी हे मला नीट सांगता येणार नाही.

तिची चकती कापून, घासून चार दिवसांनी मी जेवणाच्या डब्यात घालून विद्यापीठात नेली. फाटकावर अजून बंदोबस्त होता. हवालदारानं डबा उघडायला लावला.

"हे काय हाय?"

"काच."

"काच आरपार दिसती, बाई. ही काय भाकर करपली काय?"

"तुम्हाला दिसत नाही. उष्णतेला दिसतं."

त्यानं चकती उन्हाकडं धरली, मग दुसऱ्या हवालदाराकडं दिली. "वास घे बरं." त्यानं घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "मुळा हाय. जाऊ द्या त्यांना." वर फाटकावर नवीन नावाचा कापडी फलक लावलेला होता. मी त्याखालून आत गेले.

यंत्रावर पेन निघालं. मला त्या कागदावरची खड्ड्याची जागा डोळे मिटून सांगता आली असती. पेन तिथं आलं आणि सरळ पुढं गेलं. यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांनी पेनला टिचकी मारली. म्हणाले, "अडकलं की काय हे?" पुन्हा लावलं. पुन्हा सरळ. अडकलं नव्हतं.

घरी येऊन मी चकतीचा तुकडा दादांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्याला लावला, काही दिसलं नाही. मग मी त्यांचा हात चुलीजवळ नेला आणि हाताच्या मागच्या बाजूपुढं काच धरली. ते डोळे मिटून थांबले. म्हणाले, "ऊब लागतीय. काच मधी असून." आणि मग, "चांगली पिकलीय."

तपासनीस आला. त्यानं रजिस्टर पाहिलं, माझी नोंद दोनदा वाचली. म्हणाला, "कारण सापडलेलं दिसतंय." एवढंच. पक्क्या मंजुरीसाठी त्याला विद्यापीठाचा शिक्का असलेला तपासणी अहवाल हवा होता. तो महिन्याभरानं आला. त्यावर शिक्का नव्या नावाचा होता. माझ्या पदवीवर जुनं नाव आहे, ते तसंच राहील. पण माझ्या काचेच्या कागदावर नवं आहे.

रेल्वेनं आमची भिंगं घेतली. काचेचा विभाग राहिला, आणि मी निवृत्त होईपर्यंत तो चालला. रशीदचाचा त्यानंतर नऊ वर्षं कामावर होते, त्या नऊ वर्षांत प्रत्येक नळीचा गळा त्यांनी ओढला आणि रजिस्टरमध्ये कारागीर म्हणून त्यांचं नाव मी स्वतः लिहिलं. त्या काळात पाण्यामुळं आमची एकही नळी नापास झाली नाही.